विटांच्या गौरी

आमच्या घरी गौरी खड्यांच्या. मुखवटे नाहीत, साड्या नेसवलेल्या उभ्या गौरी नाहीत, नुसते सात खडे, आणि ते तळ्याच्या काठावरूनच आणायचे. ही रीत कोकणातली म्हणतात. तीनशे वर्षं बेंगळुरात राहिलेल्या आमच्या घरात ती कशी शिरली ते देव जाणे; कुणी खापरपणजी लग्न होऊन येताना घेऊन आली असेल. घरातल्या कुमारिकेनं काठावर वाकून खडे उचलायचे, ताम्हनात ठेवायचे, तोंडात पाण्याची चूळ भरायची आणि ती न गिळता, न थुंकता, मागं वळून न बघता घरापर्यंत यायचं. मागून आईनं घंटा वाजवत यायचं. तोंडात पाणी असलं की बोलता येत नाही, एवढाच त्या पाण्याचा उपयोग. ही रीत माझ्यासारख्या तोंडाळ पोरीसाठीच काढली असणार, असं आई म्हणायची. असेलही. मी लहानपणापासून भांडखोर, आणि आता म्हातारपणी तर विचारूच नका.

चिकपेटेच्या मागं दोन गल्ल्या सोडून आमचं घर, आणि तिथून दहा मिनिटांवर तळं. आम्हीही त्याला सगळ्यांसारखं केरेच म्हणायचो. त्याच्या बांधाखाली एक तमिळ आजी पालेभाजी पिकवायची. तिची दंटाची, म्हणजे राजगिऱ्याच्या पाल्याची, जुडी आली नाही तर आई त्या दिवशी सार करायची आणि आम्ही कुरकुरायचो. गल्लीतल्या कानडी घरांचे गणपती त्याच तळ्याच्या चिकणमातीचे. उन्हाळ्यात सगळीकडच्या विहिरी तळ गाठायच्या, आमच्या गल्लीतल्या नाही, कारण तळं वरच्या अंगाला होतं.

हे मला कळायचं ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. एका सरकारी कचेरीत ते नकाशे काढायचे. बाद झालेले निळे नकाशे घरी यायचे आणि माझ्या वह्यापुस्तकांना त्यांची कव्हरं लागायची. ट्रेसिंगचं जुनं कापड यायचं ते आईच्या ताब्यात. गरम पाण्यात घालून खळ काढली की त्यातून मऊ मलमल निघते. आईनं तिचे रुमाल शिवले, आम्हा भावंडांची झबली शिवली. म्हणजे कुठल्या कुठल्या तालुक्यांच्या नद्या धुऊन टाकून आम्ही अंगावर घातल्या, त्याला हिशेब नाही. अण्णांनी मला उंचसखल दाखवणाऱ्या रेषा वाचायला शिकवलं. रेषा जवळजवळ आल्या की चढ, लांब गेल्या की सपाटी. पावसाचं पाणी कुठून निघून कुठं जाणार हे मला बोट ठेवून सांगता यायचं. शाळेत भूगोलाच्या बाईंनाही ते येत नव्हतं आणि मी ते त्यांना सांगितलं होतं, त्याबद्दल छडीही खाल्ली होती.

मग भाषावार प्रांतरचना आली. अण्णांच्या टेबलावर महिनोन्‌महिने राज्यांच्या सीमा होत्या. आज इकडून रेघ, उद्या तिकडून. मुंबईतल्या गोळीबाराच्या बातम्या रेडिओवर यायच्या तेव्हा अण्णा आवाज बारीक करायचे, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. बेळगावच्या आत्याचं पत्र यायचं, "आम्हाला महाराष्ट्रात जायचंय, तुम्ही कुणीकडचे ते एकदा ठरवा." बेळगावला गेलो की तिथली पोरं आमच्या मराठीला हसायची, "स्वल्प भात वाढ" म्हटलं की लोळायची. इथं कचेरीत अण्णांना विचारायचे, मराठी राव, सामान कधी बांधताय? अण्णा हसायचे. घरी आल्यावर हसणं उतरलेलं असायचं. ज्या कारकुनाशी वीस वर्षं डबा वाटून खाल्ला, तोही आता नकाशावरच्या रेघेकडे बघून बोलायला लागला होता. हा देश भाषेभाषेनं उसवत जाणार आणि आपण शिवणीवरच बसलोय, ही भीती अण्णांना मनापासून होती. आई त्यांना म्हणायची, "काही विचारलं की मिठाची गुळणी धरून बसता." मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. राग जास्त.

नवं राज्य झालं आणि वर्षा-दोन वर्षांत तळ्याची पाळी आली. नळ आले, लांबून पाणी आलं, मग शहराच्या मध्यात ही डासांची खाण कशाला, असं मोठी माणसं म्हणू लागली. तळं बुजवून वसाहत करायची ठरलं. मोजणी केली ऐन वैशाखात, मध्यभागी डबकं उरलं होतं तेव्हा. त्या मोजणीवरून नकाशा झाला. मध्ये पैशाएवढं पाणी आणि भोवती सगळीकडे लिहिलेलं, कोरडी जमीन. ती अक्षरं कुणाची होती? अण्णांची. राज्याची सीमा ज्या टाकानं काढली त्याच टाकानं त्यांनी आमचं तळं पुसलं. नकाशा बघायला लोकांना खुला होता आणि हरकती लेखी द्यायच्या होत्या. शेवटची तारीख नेमकी गौरी बोळवायच्या दिवशी.

अण्णांच्या ट्रंकेत एक जुनं ट्रेसिंग होतं, न धुतलेलं. त्याच तळ्याचं, भर पावसाळ्यातलं, काठोकाठ. कुठले ओढे आत येतात, सांडवा कुठं, पाणी कुठवर चढतं, सगळं त्यात होतं. ते एक कापड हरकतीला जोडलं असतं तर त्या कोरड्या जमिनीचं पितळ उघडं पडलं असतं. मला ते ठाऊक होतं, कारण मीच ते ट्रंकेतून काढून पाहिलं होतं.

"तुम्ही हरकत का देत नाही?" मी विचारलं.

"सगळ्यांनी दिली तर मीही देईन."

"कुणीच दिलेली नाही. तुमच्याकडे नकाशा आहे, दुसऱ्या कुणाकडे नाही."

"हे बघ, माझी अजून नोकरी आहे," ते म्हणाले. "मी बोललो तर तळ्याचं राहील बाजूला. म्हणतील, मराठी माणसाला आमची वसाहत खुपते. आपण इथं जपून राहायला हवं."

"तीनशे वर्षं झाली, अजून किती जपायचं?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि माझ्यासारखीला दोन दिवस म्हणजे काय ते आईला विचारायला हवं होतं.

गौरीच्या दिवशी सकाळी आई आणि मी तळ्यावर गेलो. लोकांच्या हरकतींची मुदत संपायची होती, तरी लॉऱ्यांनी आमच्या बाजूचा काठ भरायला घेतला होता. पायऱ्या गडप. जिथं दरवर्षी वाकायचे तिथं पाडलेल्या घरांचा मलबा, चुन्याचे पोपडे, जल्लीचे म्हणजे बांधकामाच्या खडीचे ढीग. आई म्हणाली, ती जल्लीच घे, दगडच आहे ना तो. मी नाही म्हटलं. खाणीत फोडलेला खडा, त्यानं कधी पाणी पाहिलेलं नाही. मी खाली उतरले आणि चिखलात अर्ध्या बुडालेल्या विटांचे सात तुकडे उचलले. निदान ते तळ्याच्या पाण्यात भिजलेले होते. आईनं कपाळावर हात मारला, पण वाद घालायला वेळ नव्हता. घरून आणलेल्या तांब्यातली चूळ मी भरली आणि निघाले. मागं घंटा सुरू झाली.

बांधावर मेस्त्री उभा होता, म्हणजे तिथल्या मजुरांवरचा मुकादम. त्यानं ताम्हनात डोकावून कानडीत विचारलं, विटा कशाला चोरताय? मी बोलू शकत नव्हते. त्यानं घंटा पाहिली, आईचं कासोट्याचं नेसणं पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं. तो बाजूच्या लोकांकडे बघून हसला. म्हणाला, मराठी आहेत, यांना यांचं वेगळं राज्य पाहिजे ना, तिकडं जाऊन वेचा म्हणावं दगड.

माझ्या तोंडात पाणी होतं. ते धरून ठेवलं असतं तर गौर सुखरूप घरी आली असती आणि आईला वर्षभर रुखरुख लागली नसती. पण त्या क्षणी मला ट्रंकेतलं कापड दिसलं, अण्णांचं ते कचेरीतलं हसणं दिसलं, आणि मी ते पाणी त्याच्या पायांपुढं थुंकले. मागची घंटा थांबली.

"तुम्ही उभे आहात ना, तिथं पाणी येणार," मी कानडीत म्हटलं. "आज नाही, उद्या नाही, पण येणार. तुमच्या कमरेएवढं येणार. वरून तीन ओढे इथंच उतरतात. तुमच्या साहेबाला सांगा, ज्या माणसानं तुमचा नकाशा काढला त्याच्या मुलीनं सांगितलंय."

त्याला ते पटलं की तो मला वेडी समजला, माहीत नाही. मी चालायला लागले. बऱ्याच वेळानं मागून घंटा पुन्हा ऐकू आली, अगदी हळू.

दारात आईनं माझ्या पायांवर दूधपाणी घातलं. दरवर्षी ती विचारते आणि मी उत्तर देते, तसं तिनं रडवेल्या आवाजात विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

सोन्यारुप्याच्या पावलांनी, असं म्हणायचं असतं.

"विटांच्या पावलांनी आली," मी म्हटलं.

अण्णा ओटीवर होते. आईनं त्यांना सगळं सांगितलं, मेस्त्री काय म्हणाला, मी काय केलं, मी अण्णांचं नाव कसं मध्ये ओढलं. आणि मग म्हणाली, "मोडलेली गौर मी पुजणार नाही. बाहेर टाका ते तुकडे." मला वाटलं आता अण्णा मला मारणार. त्यांनी कधी मारलं नव्हतं, पण सुरुवात करायला तो दिवस चांगला होता.

ते उठले, ताम्हनातला एक तुकडा हातात घेतला, त्यावरचा चिखल अंगठ्यानं पुसला. "राहू दे," म्हणाले. "तळ्यातल्याच आहेत." मग त्यांनी ट्रंक उघडली.

हरकत त्यांनी त्यांच्या त्या नकाशावरच्या अक्षरात लिहिली, कानडीत आणि इंग्रजीत. ट्रेसिंग जोडलं. नवा नकाशा आपणच काढला आहे आणि त्यातली कोरडी जमीन कोरडी नाही, हेही लिहिलं. दोन दिवस मी तो कागद घेऊन गल्लीत फिरले. कानडीत सह्या झाल्या, तेलुगूत झाल्या, उर्दूत उलट्या बाजूनं झाल्या. भाजीवाल्या तमिळ आजीनं अंगठा दिला आणि वर मला शेपूची जुडी दिली. ज्या देशाचे तुकडे होणार म्हणून अण्णा रेडिओ बारीक करायचे, तो देश त्या कागदावर दाटीवाटीनं बसला होता. अण्णा कितीतरी वेळ तो कागद बघत राहिले. तिसऱ्या दिवशी, गौरी बोळवायच्या वेळी, ते कागद घेऊन कचेरीत गेले.

मी मात्र गौरी बोळवल्या नाहीत. खडे जिथून आणले तिथं पाण्यात सोडायचे असतात, आणि तिथं आता पाणी नव्हतं. मलब्यावर टाकायला मी तयार नव्हते. संध्याकाळी अण्णा म्हणाले, "ठेव देवळीत. पाणी येईल तेव्हा बघू."

हरकत फेटाळली गेली. ते ट्रेसिंग परत मिळालं नाही. अण्णांचा ड्रॉइंग बोर्ड काढून घेतला आणि त्यांना जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. बढती गेली. निवृत्त होईपर्यंत ते धुळीत गठ्ठे बांधत राहिले आणि रोज शिंकत घरी यायचे. तळं बुजलं. आजीची भाजी गेली, आमच्या विहिरीला पहिल्यांदाच खडखडाट झाला, आणि वसाहतीत छान छान घरं उठली. मी एकदा रडून म्हटलं, माझ्यामुळे झालं हे. अण्णा म्हणाले, "तुझ्यामुळेच झालं. नाहीतर माझं शेवटचं अक्षर कोरडी जमीन हेच राहिलं असतं."

विटा देवळीत राहिल्या. आई कुरकुरत का होईना, दर शुक्रवारी त्यांना कुंकू लावायची.

मग साठ सालाच्या पुढची गोष्ट. मी शाळेत भूगोल शिकवायला लागले होते. आश्विनात चार दिवस पाऊस थांबला नाही. पाचव्या दिवशी सकाळी गल्लीत बातमी आली की वसाहतीत पाणी शिरलंय. अण्णांनी छत्री घेतली, देवळीतून ताम्हन काढलं आणि मला म्हणाले, "चल."

"चूळ भरू?" मी चिडवलं.

"नको. आज बोलत जाऊ."

पाणी तीन बाजूंनी आलं होतं, जिथून येणार म्हणून कापडावर काढलं होतं तिथूनच, आणि जुन्या काठापर्यंत येऊन पोचलं होतं. रस्त्यांची नावं लिहिलेले खांब तेवढे वर दिसत होते. लोकांनी पेट्या गच्चीवर चढवल्या होत्या. मला आनंद झाला नाही, खोटं कशाला सांगू, त्या घरांतही पोरंबाळं होती. पण मान ताठ झाली. अण्णा धोतर वर खोचून कमरेएवढ्या पाण्यात गेले, मी त्यांच्या मागं.

एका घराच्या वरच्या मजल्यावरून एका गृहस्थानं कानडीत हाक मारली, कोण तुम्ही, कुठले, काय टाकताय आमच्या रस्त्यावर?

जन्मभर ज्यांचा आवाज ओटीबाहेर गेला नव्हता ते अण्णा मान वर करून मोठ्यानं म्हणाले, "इदु नम्म केरे, सार. नावु इल्लियवरे." ही आमची केरे. आम्ही इथलेच.

मग त्यांनी ताम्हन माझ्यापुढं धरलं आणि मी एकेक तुकडा पाण्यात सोडला, मोठ्यानं मोजत. सातही तळाला बसले. पाणी अजून चढत होतं.