पलीकडचा श्वास

हॅलोमावशींनी सदतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायर. कुणाची तरी आई इकडे, कुणाचा तरी मुलगा तिकडे, आणि मध्ये मावशी. निवृत्त झाल्या तरी ते आवाज काही निवृत्त झाले नाहीत. दुपारी डोळा लागता लागता कुठून तरी यायचंच, ‘ऐकू येतंय का?’, ‘जरा जोरात बोला’, ‘कधी येणार?’ नवरा कुशीवर वळून म्हणायचा, “अगं, झोपेत कुणाची लाइन लावतेस?”

त्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर गणिताचे एक सर राहायचे. सरांनी एक छोटी संस्था काढली होती. ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही अशा मुलांना अर्ज भरायला, स्वतःबद्दलचा निबंध लिहायला, मुलाखतीला तयार व्हायला मदत करायची. प्रत्येक मुलामागे एक मार्गदर्शक. चष्म्याच्या दुकानावरची एक खोली, हेच ऑफिस. एक दिवस सर मावशींकडे आले आणि म्हणाले, “विश्वस्त मंडळात या.”

“मी? अहो, मी स्वतः शाळेपुढे गेले नाही.”

“म्हणून तर. आम्ही सगळे आत जाऊन आलेलो. बाहेरून ते दार कसं दिसतं, हे सांगणारं कुणी नाही आमच्यात.”

मावशी गेल्या. मंडळात पाच जण, पण बोलणारे तिघंच: सर, मावशी आणि दातांच्या डॉक्टरीणबाई. डॉक्टरीणबाई कडक. दात काढावा तसं एकेक वाक्य मुळापासून काढायच्या. त्यांनीच नियम आणला होता, की लागोपाठ तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी, आणि यादीतल्या पुढच्या मुलाला जागा. चाळीस मुलं वाट बघत होती. मावशींनीही त्या नियमाला हात वर केला होता, अगदी कोपरापासून.

मग ती मुलगी आली. आत्याकडे राहणारी, आत्या लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. मुलीला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. सरावाच्या मुलाखतीत तिचा एक शब्द अडकला, सुटेना, आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. ती उठून गेली ती परत आलीच नाही. दोन आठवडे असेच गेले. तिसऱ्या आठवड्यात तिच्या मार्गदर्शकाने हात टेकले.

“नाव कमी करण्याआधी मी एक फोन लावते,” मावशी म्हणाल्या.

दुपारचे चार वाजले होते. फोन उचलला गेला. मावशी म्हणाल्या, “हॅलो.” पलीकडून काहीच नाही. नुसता श्वास, आणि लांबवर इस्त्रीची वाफ सुटल्याचा फुस्स आवाज.

दुसरं कुणी असतं तर फोन ठेवून दिला असता. मावशी मात्र खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या आणि दिसेल ते सांगू लागल्या. समोरच्या गच्चीवर निळी चादर वाळतेय. तिच्यात वारा शिरला की ती पोट फुगवते, मग हळूच सोडते. पाण्याच्या टाकीवर कबुतर बसलंय आणि त्याला काही घाई नाहीये. दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, “बरं, शनिवारी याच वेळेला करते,” आणि फोन ठेवला.

शनिवार, बुधवार, पुन्हा शनिवार. आपण बोलतोय की आपल्याला स्वप्न पडतंय, हेच मावशींना कळेनासं व्हायचं. उन्हाचा पट्टा फरशीवरून भिंतीवर चढायचा, त्यांचा आवाज आपसूक खाली यायचा, आणि तारेच्या त्या टोकाला कुणीतरी श्वास घेत राहायचं. नवरा पाय न वाजवता चहा ठेवून जायचा.

बैठकीत डॉक्टरीणबाईंनी हजेरीचा तक्ता पुढे सरकवला. “नुसता फोन उचलला, याला हजेरी म्हणायचं?”

“लाइन चालू असली आणि पलीकडे कुणी नसलं, तर मला कळतं,” मावशी म्हणाल्या. “आयुष्य गेलं त्यात. ती आहे तिथे.”

“आणि वाट बघणारी चाळीस मुलं? त्यांचं काय?”

प्रश्न खराच होता. मावशी म्हणाल्या, “त्यातली एक मुलगी मला द्या. दोघींशी बोलेन. आपण इथे बसून नियम करतो आणि सह्या ठोकतो. एकेक मूल घ्यायला आपल्याला कुणी अडवलंय?”

सरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. “महिनाअखेरपर्यंत थांबू,” ते म्हणाले.

त्याच आठवड्यात बुधवारी मावशी सहज बोलून गेल्या, “आमच्या ऑफिसच्या जिन्याची पहिली पायरी काळ्या संगमरवराची आहे. ऊन पडलं की तिच्यात ठिपके चमकतात. बघत बसावंसं वाटतं.”

“सं... संगमरवर नसेल तो.”

मावशींचा हात कपावरच थांबला.

“ठि... ठिपके म्हणालात ना? चमकणारे? मग तो वितळलेल्या खडकाचा असेल. जमिनीखालीच राहिलेला. खाली तो फार हळू थंड होतो. हजारो वर्षं लागतात. म्हणून आतले कण मोठे होतात आणि मग दि... दिसतात.”

“अगंबाई! आणि मी आपली रोज त्याच्यावर चप्पल झटकतेय!”

पलीकडे कुणीतरी हसलं. मावशींनी ते हसू पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्यानंतर पाऊण तास मुलगी बोलत होती, अडखळत, पुन्हा मागून सुरुवात करत. मावशींनी मध्ये एकही शब्द पुरवला नाही. अडकलेला शब्द दुसऱ्याने काढून दिला की माणूस गप्प होतं, हे त्यांना बोर्डावर बसूनच कळलं होतं.

मुलगी पुन्हा ऑफिसात येऊ लागली. निबंध तिने दगडांवरच लिहिला. मुलाखतीला निघताना तिने विचारलं, “मावशी, अडकले तर?”

“तर थांबायचं. मुलाखत घेणारे कुठे पळून जाणारेत? नोकरीच आहे त्यांची.”

ज्या कॉलेजवर तिचा जीव होता, तिथे तिला प्रवेश मिळाला नाही. ती दोन दिवस बोलली नाही, आणि मावशींनीही फोन केला नाही. हे दुःख निराळं होतं, त्यासाठी तिला तिची एकटीची जागा हवी होती. तिसऱ्या दिवशी तिनेच फोन केला. दुसऱ्या गावातल्या कॉलेजने तिला घेतलं होतं, वसतिगृहासकट. आत्या मागून ओरडून सांगत होती, की गादी न्यायची की तिथे मिळते ते आधी विचार.

नव्या वर्षाच्या पहिल्या बैठकीत डॉक्टरीणबाईंनी स्वतःच नियमावर काट मारली. त्याखाली लिहिलं, नाव कमी करण्याआधी एका विश्वस्ताने त्या मुलाशी स्वतः बोलावं. मग पर्समधून एक फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी काढून त्या जरा अवघडून म्हणाल्या, “मीही यादीतला एक मुलगा घेतलाय. तो फोनवर नुसतं ‘हो मॅडम’ म्हणतो. काय करू?”

“घाबरत असेल,” मावशी म्हणाल्या. “दात सोडून दुसऱ्या कशावरही बोला.”

मावशींकडे आता यादीतली ती दुसरी मुलगी आहे. तिला वकील व्हायचंय. चार वाजता फोन लागला की ती जी सुरू होते, ती मावशींना ‘हॅलो’सुद्धा पुरतं म्हणू देत नाही. मावशी खिडकीशी डोळे मिटून ऐकत राहतात, आणि नवरा दारातून हळूच विचारतो, “जागी आहेस ना?”