अफोरसेड मामा

इंग्रज देश सोडून गेले ते आपले म्हातारे शब्द सांभाळायला सांगलीच्या विश्रामबागेत एक माणूस नेमूनच, आणि माझं दुर्दैव असं की तो माणूस माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांचा जन्म कोर्टाबाहेर बसून अर्ज टाइप करण्यात गेला. एकदा उच्चारलेलं नाव पुन्हा उच्चारणं त्यांना अडाणीपणाचं वाटतं. वांग्याची भाजी पानात पडेपर्यंतच वांग्याची. मग जेवण उरकेपर्यंत ती 'अफोरसेड', म्हणजे उपरोक्त. 'अफोरसेड वाढ जरा,' म्हटलं की मामी भाजी की आमटी ते स्वतःच ठरवतात आणि जे नको असेल नेमकं तेच वाढतात. मी नवा जावई म्हणून गेलो तेव्हा शेजाऱ्यांशी माझी नावानिशी ओळख एकदाच झाली. नंतर दिवसभर मी 'द सेड जावई' होतो. त्यांनी सोसायटीच्या फलकावर 'हियरइनबिफोर मेन्शन्ड टाकी'विषयी सूचना लावली, तर ते कंपनीचं नाव समजून दोघंजण टाकी केवढ्याला देणार म्हणून विचारून गेले.

"मामा, हल्ली असं कुणी लिहीत नाही," मी एकदा सुनावलं.

"म्हणूनच हल्ली कोण कुणाविषयी बोलतंय ते कळत नाही," मामा म्हणाले.

मागल्या वर्षी माण तालुक्यातली एक बाई ओळखीतून माझ्याकडे आली. फौजेतून निवृत्त झालेला तिचा नवरा वारला होता आणि पेन्शन अडली होती. माहेरचं नाव हिरा, सासरी ठेवलेलं शालन, आणि फौजेतल्या कुणा कारकुनाने लिहिलेलं 'चालन'. तीन कागद, तीन बायका. मी मोबाइलवर सुटसुटीत, आधुनिक इंग्रजीत अर्ज करून दिला. तो तितक्याच सुटसुटीतपणे परत आला : अर्जदार नक्की कोण, याचा बोध होत नाही.

नाइलाजाने मी तिला मामांपुढे नेऊन बसवलं. मामांनी दोन तास टाइपरायटर बडवून तीन पानांचं प्रतिज्ञापत्र काढलं. ओळीओळीत 'द सेड विडो', 'द अफोरसेड हजबंड'. मी हसू दाबत होतो.

"आवं आप्पा, काय लिवलंय त्ये सांगा की मला," बाई म्हणाली.

मामांनी चष्मा काढला. "लिहिलंय की, हिरा म्हणून जन्मली ती, शालन म्हणून नांदली ती आणि फौजेने चालन म्हटलं ती, सगळी ही एकच बाई. तीच ही. दुसरी कुणी नाही."

बाईने पदर डोळ्यांना लावला. "व्हय आप्पा, तीच हाय मी. धाकला दीर तोंडावर म्हनला, तू ती न्हवंसच. लय दिस झालं, मलाबी तसंच वाटाय लागलं हुतं."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. कागद गेले, आणि चार महिन्यांनी पेन्शन सुरू झाली.

त्यानंतर ती एक घोंगडं घेऊन आली. मामा नको नको म्हणत असताना तिने ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. "मला हिरा म्हननारं माहेरात आता कुनी ऱ्हायलं न्हाई," ती म्हणाली. "त्या कागदात तुमी माजं त्ये नाव पैलं लिवलं."

मामा घोंगड्यावरून हात फिरवत राहिले. निघताना ती पाया पडली.

"हिरा," ते म्हणाले, "चहा घेऊन जा गं, पोरी."