काशीअक्कांचे चित्रपुस्तक आणि माझे भय

वाग्देवी शारदेच्या चरणी मस्तक ठेवून, आणि काशीअक्कांना जाऊन आज महिना होत आला याचे स्मरण करून, हे लिहावयास बसलो आहे. अखेरीस त्या ज्याच्याकडे राहत, तो त्यांचा भाचा आनेकल गावाहून पहिल्या बसने आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "अक्का गेल्या, मामा. काल संध्याकाळी," एवढेच तो बोलला. मी स्नान करून देवापुढे बसलो, पण जपात मन लागेना. माझ्या भयाला तोंडावर हसण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले, त्यांची क्षमा मागावयाची माझ्याकडून राहूनच गेली होती...

बसवनगुडीत आमची घरे समोरासमोर होती. अक्का एका शाळेत चित्रकला शिकवीत. जुन्या कॅलेंडरांची पाने उलटून, दोऱ्याने शिवून, त्या कोऱ्या बाजूंवर मुलांसाठी चित्रांची पुस्तके करीत. प्रत्येक चित्राखाली एक ओळ मराठीत, एक कन्नडमध्ये. कारण गल्लीतली मुले दोन्ही बोलींत भांडत. ही पुस्तके त्या फुकट वाटीत, आणि फाटली की आनंदाने नवी करीत.

माझी सुमती पाच वर्षांची असताना तिला तो ताप आला. ताप गेला, पण उजवा पाय घेऊन गेला. लोखंडी पट्ट्या लावलेला जड बूट घालून ती चाले; खट्, मग क्षणभर शांतता, मग पुन्हा खट्. घरात कोठेही असलो तरी तो आवाज मला ऐकू येई, आणि दोन आवाजांमधली शांतता जरा लांबली की, पडली की काय, या धास्तीने मी उठून पाहून येई. एकदा रस्त्यावर काही मुलांनी तिच्यामागे तसेच पाय ओढीत चालून दाखविले. त्या दिवसापासून मी दुपारी दाराला कडी घालू लागलो. तेल, काढे, नवस सर्व चालू होते. पाय बरा झाला की मग तिला खेळावयास सोडू, असे मी पत्नीला सांगत असे. सुमती खिडकीच्या गजांना धरून बाहेर पाहत असे.

त्या वर्षी नवरात्रात अक्का एक पुस्तक घेऊन आल्या. मी पहिले पान उलटले. दोन वेण्यांची एक मुलगी, आणि तिच्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट. एकदा चित्रात उतरले की ते कायमचे झाले, मग पाय कसा बरा व्हावा... शास्त्र शिकलेला मी, पण त्या घटकेला हेच मनात आले.

"अक्का, भंगलेली मूर्ती आपण पूजेला ठेवीत नाही. हे घरात नको."

"काय हो शास्त्रीअण्णा! एका दाताच्या गणपतीला रोज दूर्वा वाहता, त्याला कधी विचारलंत का, दुसरा दात कुठं टाकलास म्हणून?"

"थट्टेचा विषय नाही हा."

"थट्टा कोण करतंय? स्वल्प, जरासं, पुढचं पान तरी बघा."

मी पाहिले नाही. "शारदेच्या पूजेला मांडतो," म्हणून वेळ मारून नेली. अक्का "सरी, बरं, मांडा," म्हणून निघून गेल्या, आणि फाटकापाशी वळून हसल्या.

पूजेला मांडलेल्या पुस्तकातले अक्षरही विजयादशमीपर्यंत वाचावयाचे नसते. मी ते सर्व पोथ्यांच्या तळाशी सरकविले. दसऱ्याच्या सकाळी कोणी उठण्यापूर्वी गुपचूप काढून घेईन, असा बेत होता. परंतु त्याच आचाराचा दुसरा अर्धा भाग मी भयापोटी विसरलो: पूजेतून मूल जे पुस्तक उचलील, ते त्याने त्याच वेळी उघडून वाचलेच पाहिजे. दसऱ्याला मी जागा झालो तो सुमती माझ्याआधी चौरंगाजवळ बसलेली. पोथ्या एका हाताने सावरीत तिने तळचे पुस्तक ओढून काढले. त्या दिवशी तिला अडविणे म्हणजे शारदेलाच अडविणे! तिने पहिले पान पाहिले. बोट त्या बुटावर ठेवले आणि म्हणाली, "अप्पा, ही मी."

मी उत्तर देणार तोच रस्त्यावरून पत्र्याचा खणखणाट आला. एक नव्हे, दहा-बारा जण पाय आपटीत आमच्याच दाराकडे येत होते. सणाच्या दिवशी, दारात येऊन, माझ्या लेकराची चेष्टा! मी तिला पोटाशी धरले.

"सुमी, ये की गं! बेग ये, लवकर!" बाहेरून हाक आली.

कडी काढली ती त्यांना हाकलण्यासाठी. पायऱ्यांवर गल्लीतली सारी मुले उभी होती. प्रत्येकाच्या उजव्या पायाला डब्याची झाकणे सुतळीने बांधलेली. पुढे शेजारची नागवेणी.

"हे काय चालविले आहे?" मी ओरडलो.

"लपंडाव, मामा. सुमीचा बूट वाजतो, म्हणजे तीच पहिली सापडणार. आता सगळ्यांचेच पाय वाजतात. ओळखून दाखवा!"

"हे कोणी शिकविले?"

"पुस्तकात आहे की! अक्कांनी कच्ची चित्रं आम्हांला आधीच दाखवली." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "अय्यो, एवढे शास्त्री, आणि वाचलं नाही?"

मुले खो खो हसली. सुमतीही हसली. मला मात्र हसू आले नाही. रस्त्यावरची गटारे, दगड, उद्याचे हसणे, परवाचे हसणे, सारे डोळ्यांपुढे येत होते. "जा" हा शब्द काही केल्या ओठांवर येईना. फक्त तिच्या खांद्यावरचा माझा हात सैल झाला. ती एकेका पायरीवर बसत खाली उतरली. नागवेणीने तिचा हात धरला नाही, नुसती थांबली. पलीकडे अक्का तुळशीला पाणी घालीत होत्या; त्यांनी मुद्दामच इकडे पाहिले नाही.

मुले वळणाआड गेली. मी दारातच कान देऊन उभा राहिलो. खणखणाट दूर जात होता, फुटत होता, पुन्हा एक होत होता... आणि त्या इतक्या पावलांत माझ्या मुलीचे पाऊल कोणते, ते मला ओळखता येईना.

वाचकहो, आपल्या घरातील लेकरे निर्भय असोत, त्यांना हाका मारणारे सवंगडी आपल्या दारी येवोत, आणि भीत भीत का होईना, कडी काढण्याचे बळ श्रीशारदा आपणांस देवो.