काकू, हिकडं बघा

वडूजच्या कृष्णातला सगळा खटाव तालुका शूटिंगवाला म्हणूनच ओळखायचा. दहा वर्षं त्यानं लग्नं काढली. खांद्यावर थोरला कॅमेरा, मागं दिव्याची वायर आणि तोंडात एकच वाक्य, ‘काकू, हिकडं बघा.’ कुणाचा चेहरा कॅसेटमध्ये यायचा राहिला तर ते घर वर्षभर रुसायचं. म्हणून पंगतीतल्या माणसालाही तो हातातला घास थांबवून वर बघायला लावी.

अठ्ठ्याण्णव साली त्यानं मुंबईहून तळहाताएवढा डिजिटल कॅमेरा आणला. चित्र असं लख्ख, की नवरीच्या नथीतला मोती न् मोती दिसावा. पण लग्नघरच्यांना तो पटेना. आमी काय पोराचं खेळणं मागवलंय व्हय, असं एका वरबापानं तोंडावर विचारलं. शेवटी लग्नाला थोरलाच कॅमेरा जाऊ लागला आणि धाकटा घरी बसला. तेव्हा कृष्णातच्या डोक्यात पिक्चर शिरला. रीळ लागत न्हाई, धुवायला लागत न्हाई, मग ह्याच्यावरच अख्खा पिक्चर काढायचा, आणि दाखवायचा तो टॉकीजच्या पडद्यावर.

गोष्ट साधी होती. माण तालुक्यातला एक पोरगा मुंबईला कामाला जातो आणि आई मागं राहते. आईचं काम शेजारच्या रंगुबाईनं केलं. तिचा स्वतःचा अर्जुना मुंबईलाच होता, दोन दिवाळ्या गावाकडं फिरकला नव्हता.

निरोपाचा प्रसंग दहिवडीच्या स्टँडवर घेतला. ओळखीच्या ड्रायव्हरनं एष्टी तेवढ्यापुरती थांबवली. रंगुबाईनं खिडकीतल्या पोराकडं बघून बोलायचं, असं ठरलं होतं. पण ती तोंड उघडणार तोच कृष्णात सवयीनं बोलून गेला, “काकू, हिकडं बघा.” रंगुबाई वळली आणि सगळं कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघूनच बोलली. एष्टी निघून गेली. कृष्णातनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या गाडीला परत घेऊ म्हणाला, तर रंगुबाई डोळे पुसत म्हणाली, “आता न्हाई जमायचं बाबा. एकदाच निघतंय ते.”

कॅमेऱ्याच्या माइकनं कृष्णातचा आवाजही पकडला होता. तो पुसावा तर रंगुबाईचे पहिले शब्द जात होते. त्यानं तसंच ठेवलं.

गावातल्या टॉकीजचे मालक लालासाहेब हसले. पडदा म्हंजी काय टीव्ही हाय का रं, म्हणाले. लय मिनतवाऱ्या केल्यावर जत्रेतला दुपारचा एक खेळ त्यांनी दिला. इंटरवलच्या आधी निम्मी माणसं उठली, तर पुन्हा दारात यायचं न्हाई, ही अट. मिरजेला डॉक्टरांच्या सभांना लावतात तो प्रोजेक्टर कृष्णातनं भाड्यानं आणला.

जत्रेसाठी मुंबईवाले गावाकडं आले होते. टॉकीज भरली. ओळखीचं तोंड दिसलं की शिट्टी पडायची. हळूहळू मात्र बाकं करकरू लागली, मागची दहाबारा माणसं उठली. लालासाहेब दारात उभेच होते. तेवढ्यात स्टँड आला आणि कृष्णातचा आवाज टॉकीजभर घुमला, ‘काकू, हिकडं बघा.’ सगळी टॉकीज हसून फुटली. कृष्णात प्रोजेक्टरमागं खाली बसला.

मग भिंतीएवढी रंगुबाई वळली आणि समोर बघू लागली.

“जा बाबा,” ती म्हणाली. “पर सणाला तरी ये. ताट करून ठिवते मी, आन गार हुतं ते.”

हसू थांबलं. ती आपल्याकडंच बघतीय, असं मुंबईवाल्या एकेकाला वाटलं. उठलेले जिथं होते तिथंच खाली टेकले. इंटरवलला दिवे लागले तरी कुणी चहाला हललं न्हाई.

लालासाहेब प्रोजेक्टरपाशी आले.

“ते तुझं बोलणं काढू नगंस,” ते म्हणाले. “संध्याकाळचा खेळ लावतोय.”

संध्याकाळी रंगुबाई स्वतः पुढच्या बाकावर येऊन बसली. स्टँड आला, तशी कृष्णातच्या आधी अख्खी टॉकीजच ओरडली, ‘काकू, हिकडं बघा.’ रंगुबाईनं सवयीनं पदर सारखा केला आणि वळून मागं बघितलं.