गेटपासची कार्बन कॉपी

“मी न्हाय सही करनार,” शंकर म्हणाला आणि त्याने पेन माझ्याकडे सरकवलं.

असा संताप आला म्हणून सांगू! दोह्याच्या इमिग्रेशन ऑफिसमागच्या कोठडीत तो चार दिवस बसला होता. तो दिवस मंगळवारचा, आणि गुरुवारच्या विमानाने त्याला परत पाठवणार होते. मी त्याच्यासाठी अरबीत माफीचा अर्ज टाइप करून नेला होता. आणि हा पठ्ठ्या नाही म्हणतोय!

ऐंशीच्या दशकातली, कतारमधली गोष्ट. इंडस्ट्रियल एरियातल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत मी मंदूब होतो. मंदूब म्हणजे कंपनीसाठी सरकारी ऑफिसांत खेटे घालणारा माणूस. व्हिसा, मेडिकल, रेसिडन्स परमिट, सगळे शिक्के मीच आणायचो. रत्नागिरीच्या मदरशात शिकलेली अरबी इथे उपयोगी पडली. शंकर आमचा वेल्डर, कराडकडचा. बोलणं कमी, पण काम असं की इन्स्पेक्टरला बोट ठेवायला जागा नाही.

तिथला नियम सोपा. ज्या कंपनीने व्हिसा काढला ती तुमची कफील, म्हणजे जामीन. काम फक्त तिच्याकडे. दुसऱ्या कंपनीच्या साइटवर जायचं तर इमिग्रेशनची लेखी परवानगी हवी. नाहीतर डिपोर्ट. पासपोर्टवर तो शिक्का बसला की पुन्हा आखातात नोकरीचं नाव काढायचं नाही. शंकर दोह्याबाहेर मेसईदला दुसऱ्याच कंपनीच्या साइटवर वेल्डिंग करताना चेकिंगमध्ये सापडला होता.

“यात काय लिवलंय, परत वाचा,” शंकर म्हणाला.

“‘मी कंपनीला न सांगता तिकडे गेलो. पहिलीच चूक आहे, माफ करावं.’ अरे बाबा, सगळे असंच लिहितात. सही कर, कदाचित सुटशील.”

“न सांगता? कंपनीच्याच बसनं ग्येलो की भाई! ह्ये लिवून दिलं तर गावात म्हनतील, कायतरी करूनच आलाय. पाठवायचं तर पाठवा. खोटं न्हाय लिवून देनार.”

मी तणतणतच बाहेर पडलो. पण राग त्याच्यावर टिकेना. तो खरं बोलत होता आणि ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला मेसईदच्या साइटवर आत घ्यावं म्हणून दिलेलं गेटपासचं पत्र मीच टाइप केलं होतं. परवानगी काढलेली नाही हेही मला माहीत होतं. “दो हफ्ते का काम है, कौन देखता है,” असं आमचे मॅनेजर म्हणाले होते आणि मी मान डोलावली होती. माफीच्या अर्जातला मजकूरही त्यांचाच.

ऑफिसात आल्या आल्या मी त्यांच्या केबिनमध्ये शिरलो. “साहब, कंपनी ने भेजा था, इतना लिख के दो. छूट जाएगा.”

“और कंपनी फँसेगी? नए व्हिसा बंद हो जाएँगे. जाने दो काझी, वेल्डर बहुत मिलेंगे. खलास.”

खलास म्हणे! मी कपाट उघडलं आणि गेटपासच्या पत्राची कार्बन कॉपी काढली. खाली कंपनीचा शिक्का, आणि सही फक्त माझी. मॅनेजर असल्या कागदांवर कधी सही करत नसत. का ते आत्ता डोक्यात शिरलं. हा कागद दाखवला तर विमानात शंकरच्या शेजारी मीही बसणार, हे उघड होतं. घाबरलो. बायको-पोरं रत्नागिरीत माझ्या भरवशावर होती. पण कागद परत ठेवायला हात होईना.

बुधवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच मी इमिग्रेशनच्या दारात उभा होतो. डिपोर्टच्या फाइली एका कॅप्टनकडे असायच्या. माणसाला पाठवायचं की ठेवायचं, हे तो ठरवायचा. नियमाने त्याला दोन्हीची मुभा होती.

“माफीचा अर्ज आणलास?” त्याने अरबीत विचारलं.

“नाही. हे आणलंय.”

त्याने कागद वाचला. “सही कुणाची?”

“माझी.”

“परवानगी नाही, हे माहीत होतं?”

“होतं.”

त्याने कागद शंकरच्या फाइलला लावला. मग फोन करून त्याने मॅनेजरना बोलावलं. तासाभरात ते घामाघूम होऊन हजर.

मॅनेजरना अरबी येत नव्हती. म्हणजे भाषांतराला मीच! “ये क्लर्क झूठा है, इसी ने बिना पूछे भेजा,” असं ते म्हणाले. माझ्याबद्दलचंच हे वाक्य मी अरबीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

कॅप्टनने विचारलं, “तुमच्या कंपनीची बस क्लार्कच्या सांगण्यावर जाते? रोज? मेसईदपर्यंत?”

तेही मी हिंदीत केलं. मॅनेजर खिशात रुमाल शोधायला लागले.

कॅप्टनने फाइलच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या. शंकर सुटला. कंपनीचे नवे व्हिसा काही महिने अडकले. “आणि तू,” कॅप्टन मला म्हणाला, “यापुढे तुमच्या प्रत्येक परवानगीसाठी स्वतः माझ्यासमोर उभं राहायचंस. यल्ला, निघ.” त्या हुकमानेच माझी नोकरी वाचली. मला काढलं असतं तर त्याच्यासमोर उभं कोण राहणार?

पिकअपमध्ये बसताना शंकरने माझे दोन्ही हात धरले. मला ते सहन होईना. मी त्याला सगळं सांगून टाकलं.

त्याने माझे हात सोडले. मग म्हणाला, “म्हंजी तुमाला पयल्या दिसापासनं ठावं हुतं?”

“हो.”

“आन् तरीबी त्यो अर्ज घिऊन आलता?”

मी गाडी सुरू केली. कामगारांच्या कॅम्पवर तो उतरला आणि सरळ आपल्या खोलीकडे गेला.

त्यानंतर परवानगीचा कागद हातात पडल्याशिवाय मी एकही गेटपास टाइप केला नाही. मॅनेजर चिडायचे. चिडू देत. माणसाला ठेवायचं की पाठवायचं हे कॅप्टनच्या सहीवर असतं, असं मी सगळ्यांना सांगायचो. पण शंकरच्या वेळी त्या सहीच्या आधी, गेटपासच्या पत्रावर, माझी सही झालेली होती.