ठिपक्या आणि गळकी मोटार

दादाला जाऊन सव्वा महिना झाला. भेटायला येणारा आधी हळहळतो आणि कपातला चहा निवायच्या आत आमच्या मोटारीचा एक किस्सा काढतो. किती साठलेत हे, मलाच ठाऊक नव्हतं! मला मात्र घोर होता तो ठिपक्याचा. दादाच्या या कुत्र्यानं चार दिवस भाकरीला तोंड लावलं नव्हतं.

दादा लोणावळा–तळेगाव मोटारीचा ड्रायव्हर, आणि मी चौथीतून शाळा सोडलेला तिचा कंडक्टर. मोटारीचं पुढून पाणी गळायचं, खालून तेल. दुसरं महायुद्ध चालू, त्यामुळे सुटे भाग मिळेनात.

*

रेडिएटर फारच गळायला लागला की दादा त्यात मूठभर हळद टाकायचा. भोक बुजायचं. एकदा कामशेतला हळद बसायच्या आधीच एका मावशींची पांढरी शेळी खाली जाऊन बसली. उठली ती पिवळीधमक!

"आरं ड्रायवर, माज्या शेळीचं लगीन ठरवलंस आन् मलाच सांगितलं न्हाई?"

"मावशी, नवरदेव परंदवडीचा हाय. लय गुणाचा बोकड!"

*

एकदा कुणाच्या तरी पाटीतून निसटलेली कोंबडी मागच्या फाटक्या सीटमधल्या गवतात अंड्यांवर बसली. दादा तिला हलवू देईना. एक मास्तर चढले.

"ही सीट रिकामी आहे की!"

"न्हाई मास्तर, तितं बाळंतीण हाय."

मास्तर वडगावपर्यंत उभे आले. पुढे रोज चढले की आधी विचारायचे, "झाली का सुटका?"

*

ठिपक्या मुळात पांढराशुभ्र. इंजिनाखाली झोपायचा, त्यामुळे पाठभर तेलाचे काळे ठिपके. लोणावळ्यातल्या एका बंगल्याचे साहेब त्यावर भाळले. जातिवंत कुत्रा म्हणाले! बिचाऱ्याला दूधभात मिळेल, म्हणून दादानं देऊन टाकला. त्या दिवशी स्वतः मात्र जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी बंगल्याचा माळी एक पांढरा कुत्रा दोरीला धरून हजर.

"साहेब म्हणतात, आंघोळ घातली अन् कुत्रा बदलला. ठिपकेवाला द्या."

"ह्योच त्यो. रोज मोटारीखाली निजवा, ठिपके येतील."

"आमच्या साहेबांची मोटार गळत नाही हो!"

"मग कुत्रं ऱ्हाऊ द्या हितंच."

*

दादा तापानं गेला. मागल्या आठवड्यात आमच्या शेठना कुठूनसा सुटा भाग मिळाला आणि पुण्याला इंजिन उघडून काम झालं. आता थेंब पडेना. शेठ म्हणाले, "तुझा दादा दोन वर्षं ह्याच्यासाठी माझ्या मागं लागला होता रे."

मोटार परत आली तसा ठिपक्या खाली शिरला, कोरडी जमीन हुंगली, बाहेर आला आणि लांब लिंबाखाली जाऊन पडला. पाठीवरचे ठिपके विरत चालले होते. भाकरी ठेवली, मुंग्या लागल्या.

काल माझं डोकं फिरलं. पाना घेतला, मोटारीखाली शिरलो आणि तेलाचं बूच अर्धा आटा सैल केलं. टप. टप.

ठिपक्यानं कान टवकारले. आला, हुंगलं, त्या ओल्या जागी अंग टाकलं. मी भाकरी पुढे सारली.

तेवढ्यात शेठ आले. वाकून बघतात तर काय!

"अरे, परवाच काम केलं ना? परत गळायला लागली?"

"व्हय शेठ."

"मग बूच आवळ की लेका!"

"आवळतो. त्याचं खाऊन होऊ द्या."