साहेब फोटो काढत नाहीत

ताईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. पहिले काही महिने महत्त्वाचे. या काळात नियमित व्यायाम झाला तर उजवा पाय बऱ्यापैकी परत येईल, नाही झाला तर नंतर कितीही घाम गाळा, तो आहे तिथेच राहील. मी ते ऐकून घेतलं, घरी आले आणि यादी करायला बसले. यादी केल्याशिवाय मला धड काळजीसुद्धा करता येत नाही.

यादीतलं पहिलं काम सोपं वाटलं होतं. ज्या संस्थेची मी चिटणीस आहे, ती संस्था हेच करते. अशा रुग्णांना ती जवळजवळ फुकट व्यायाम शिकवते. ताई कांदिवलीला राहते आणि आमचं केंद्र तिच्या घरापासून रिक्षाने फार लांब नाही. नेमकं कुठे ते लिहीत नाही, कारण मला तिथे अजून काम करायचंय.

अडचण एवढीच की केंद्र पहिल्या मजल्यावर आहे. चालता न येणाऱ्या माणसांचं केंद्र पहिल्या मजल्यावर कुणी काढलं, असं विचारू नये. मुंबईत जागा मिळाली की तिला मजला विचारत नाहीत. लिफ्ट होती. ताईच्या झटक्याच्या थोडी आधी तिची मोटर जळाली आणि नवी बसवण्याइतके पैसे संस्थेकडे नव्हते. पहिल्या दिवशी खालच्या दुकानदारांनी ताईला खुर्चीवरून उचलून वर नेलं. ताई मुळात भक्कम. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सगळ्या दुकानांत अचानक गिऱ्हाइकांची गर्दी झाली. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट लावून पाहिला, तो ताईच्या पायापेक्षा स्वतःच्या फोनला जास्त व्यायाम द्यायचा. दुसरं परवडणारं केंद्र मुलुंडला. कांदिवलीहून मुलुंडला रोज जाऊन येणं धडधाकट माणसालाही झेपत नाही.

म्हणजे प्रश्न स्पष्ट होता. लिफ्ट सुरू व्हायला हवी होती, आणि ते महिने संपायच्या आत.

कार्यकारिणीच्या सभेत मी हा विषय पहिला ठेवला. आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून फोनवर परदेशातल्या चांगल्या गोष्टी वाचत असतात. ते म्हणाले, "आपण राजकारण्यांची फोटोग्राफी स्पर्धा घेऊ. तिकडे असं करतात म्हणे. खासदार स्वतः फोटो काढतात, मग त्यांचा लिलाव होतो आणि पैसे संस्थेला. विषय एकच, रेझिलियन्स."

"म्हणजे?" खजिनदारांनी विचारलं.

"संकटात टिकून राहणं. मोडून न पडणं."

"मग राजकारणीच बरोबर," खजिनदार म्हणाले. "त्यांच्याइतकं कोण टिकतंय."

मराठी शब्द शोधण्यात बाकीची सभा गेली. चिवटपणा म्हटल्यावर एक सभासद म्हणाल्या की हे शिळ्या पावासारखं वाटतं. शेवटी 'तग' ठरलं, कारण पोस्टरवर दोनच अक्षरं मोठी छापता येतात.

निमंत्रणाचे फोन मी केले. पक्ष, पद, पीएचा नंबर आणि पूर्वी कशावरून रुसले होते, अशा चार रकान्यांची यादी करून घेतली होती. आजी आमदार, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, म्हणजे ज्यांचा चेहरा चौकातल्या फ्लेक्सवर आहे असे सगळे. आमदारांच्या पीएशी झालेलं बोलणं मला अजून तोंडपाठ आहे.

"मॅडम, साहेबांचा फोटो हवाय ना? पाठवतो. नमस्कार करताना हवाय की हात वर केलेला?"

"साहेबांनी काढलेला हवाय."

"साहेबांचा काढलेलाच पाठवतोय."

"तसं नाही हो. साहेबांनी कॅमेरा हातात घ्यायचा आणि समोरच्याचा फोटो काढायचा."

तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, साहेब फोटो काढत नाहीत. साहेब फोटोत असतात."

त्याचं चुकलं नव्हतं हे प्रवेशिका यायला लागल्यावर कळलं. मनोरीच्या किनाऱ्यावर कोळीण टोपली उचलतेय, टोपलीचं दुसरं टोक साहेबांच्या हातात आणि साहेबांचा सदरा कडक इस्त्रीचा. मरोळच्या एका कारखान्यात कामगार यंत्रावर वाकलाय आणि साहेब त्याला यंत्र कसं चालवायचं ते दाखवतायत. गुडघाभर पाण्यात म्हातारीला हात देणारे साहेब तर तीन वेगवेगळ्या पक्षांचे आले. म्हातारी मात्र तीच होती.

यात माझं लक्ष अर्थातच दुसरीकडे होतं. उचलायला कुणी भेटेल या आशेवर मी ताईला रोज केंद्राच्या खाली आणून बसवायचे. बहुतेक दिवशी तासभर बसून आम्ही परत जायचो. अशाच एका सकाळी आमदारसाहेब पाचसहा कार्यकर्ते आणि फोटोग्राफर घेऊन आले. केंद्रातल्या रुग्णांबरोबर फोटो हवा होता. रुग्ण वर पोचत नाहीत हे मी सांगितलं. फोटोग्राफरने जिना पाहिला, खुर्चीतली ताई पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला.

"साहेब, झकास फ्रेम आहे. आजींना उचलून वर नेतानाची."

"आजी कुणाला म्हणतोस रे," ताई म्हणाली. झटक्याने तिची जीभ जड झाली होती, पण तिखटपणा शाबूत होता. "आणि फ्रेम राहू दे, आधी उचला."

चौघांनी खुर्ची उचलली. साहेबांनी खुर्चीच्या हाताला दोन बोटं लावली. मधल्या वळणावर फोटोग्राफर ओरडला की साहेबांच्या तोंडावर सावली येतेय, परत खाली घ्या. ताईने डावा हात वर केला. "आता खाली नाही. मी वर जाणार, तासभर व्यायाम करणार. मग खाली आणताना काय ते काढ. मी कुठे पळून जातेय?"

साहेब तासभर थांबले. तोवर त्यांनी इतर रुग्णांनाही वर आणवलं, कारण नुसतं बसून राहणं त्यांना जमत नसावं. त्या दिवशी केंद्र कित्येक आठवड्यांनी भरलं.

घरी गेल्यावर मी साहेबांच्या कट्टर विरोधकाला, म्हणजे माजी नगरसेवकांच्या कार्यालयाला फोन केला. मी खोटं काही बोलले नाही. फक्त माहिती योग्य ठिकाणी पोचवली. "आमदारसाहेब आज आमच्याकडे येऊन गेले. जिन्यावर रुग्णांना उचलताना फार सुंदर फोटो आलेत म्हणे."

"उद्या किती वाजता येऊ?" पलीकडून विचारणा झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा आमदारांच्या पीएला फोन केला. त्याला सांगितलं की नगरसेवकांनी सगळ्यांना स्वतःच्या हाताने उचललं, दोन बोटांनी नव्हे. मग मी रीतसर वेळापत्रकच केलं. सोमवार-गुरुवार एक पक्ष, मंगळवार-शुक्रवार दुसरा, बुधवारी ज्यांना दोन्हीकडे स्थान नाही असे. कुणाला वाटायचं उजेड बरोबर नव्हता, कुणाला समोरच्याचा फोटो चोरून बघायला मिळायचा, आणि दुसऱ्या दिवशी खुर्च्या पुन्हा उचलल्या जायच्या. ताईचा व्यायाम सुरू झाला. आडव्या दांड्यांना धरून ती उभी राहायला लागली.

"तुझ्या त्या सोमवारवाल्यांना सांग गं," एकदा ती मला म्हणाली, "डावीकडचा पोरगा धक्के देतो. शुक्रवारवाले बरे. पक्ष वाईट आहे, पण उचलतात नीट."

स्पर्धेची मुदत संपली. परीक्षक म्हणून चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी सगळ्या प्रवेशिका टेबलावर मांडल्या आणि आमदारांच्या पीएला विचारलं, "हा फोटो साहेबांनी स्वतः काढलाय ना? मग यात दिसतात ते कोण?"

"साहेब. टायमर लावला होता."

"आणि हा वरून घेतलेला?"

"तो पण टायमर. उंचावर ठेवलेला."

जिन्यावरच्या फोटोंखाली 'संघर्षातून शिखराकडे' असं लिहिलं होतं. शिखर म्हणजे पहिला मजला. आमदारांच्या फोटोत साहेबांचा घाम लख्ख दिसत होता आणि ताईचा फक्त कान आला होता. नगरसेवकांच्या फोटोत कानही नव्हता. परीक्षकांनी दोघांना पहिलं बक्षीस विभागून दिलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मला याच भागात राहायचंय."

लिलावाबद्दल अध्यक्ष घाबरले होते, की हे फोटो घेणार कोण. प्रत्येकाने स्वतःचा घेतला, हे तर ठरलेलंच होतं. पण नगरसेवकांच्या माणसांनी आमदारांच्या फोटोवर निव्वळ खोडसाळपणे बोली चढवायला सुरुवात केली, म्हणजे साहेबांना स्वतःचाच चेहरा महाग पडावा. मग आमदारांच्या माणसांनी नगरसेवकांच्या फोटोवर तेच केलं. सभ्य माणसांच्या स्पर्धेतून एवढे पैसे कधी उभे राहिले नसते. नवी मोटर बसली, तपासणीचा कागद मिळाला, लिफ्ट वरखाली करायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईला घेऊन गेले तेव्हा लिफ्टच्या दारावर आडवी लाल फीत होती. एका बाजूला आमदारांचा फ्लेक्स, त्यांच्या शुभहस्ते. दुसऱ्या बाजूला नगरसेवकांचा फ्लेक्स, त्यांच्या शुभहस्ते. तारखेची जागा दोन्हीकडे कोरी. दोघांनाही उद्घाटन एकट्याने करायचं होतं. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन बजावलं की तोवर लिफ्ट बंदच ठेवायची, उगाच कुणी दुखावलं जायला नको. आणि स्पर्धा संपल्यामुळे उचलणारेही येईनासे झाले. सोमवारवाले नाहीत, शुक्रवारवालेही नाहीत.

आम्ही आठवडाभर चालू लिफ्टसमोर बसून परत गेलो. मी दोन्ही कार्यालयांना रोज फोन केले. एकाने सांगितलं की साहेब दिल्लीला आहेत. दुसऱ्याने सांगितलं की ते दिल्लीहून आल्याशिवाय आमचे साहेब तारीख देणार नाहीत, आधी उद्घाटन केलं तर घाई केल्यासारखं दिसतं. डॉक्टरांनी सांगितलेले महिने मात्र कुणाची तारीख विचारून सरकत नव्हते. ताईचा गुडघा पुन्हा आखडायला लागला होता. रात्रीच्या मालिशला ती दात आवळून घ्यायची, ते मला दिसायचं.

"ही चालते ना?" एका सकाळी तिने विचारलं.

"चालते."

"मग?"

"उद्घाटन व्हायचंय."

"कुणाचं? माझं?"

मी फितीजवळ गेले. गाठ साधीच होती, बुटाच्या बंदासारखी. मी ती सोडली, ताईला आत घेतलं, बटण दाबलं. दोन रुग्ण रिक्षातून उतरत होते, त्यांना हाक मारली. तासाभराने सगळ्यांना खाली आणलं आणि फीत पुन्हा बांधली, टोकं सारखी करून. आता हे रोजचंच झालंय. सोडण्याची वेळ आणि बांधण्याची वेळ ठरलेली आहे आणि मी नसेन तेव्हा कोण, हेही लिहून लावलंय.

अध्यक्षांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "अहो, उद्घाटनाआधी आपण वापरतोय. साहेबांना कळलं तर?"

"कसं कळेल? फोटो कुठे काढलाय?"

त्यावर त्यांनी स्वतःच्या गुडघेदुखीसाठी आपणही यावं का, असं मला विचारलं. मी त्यांना सकाळची वेळ दिली.

परवा ताई लिफ्टच्या दारापासून दांड्यांपर्यंत काठी टेकत स्वतः चालत गेली. पाय ओढत होती, पण गेली. तिथे पोचल्यावर म्हणाली, "बघत काय उभी आहेस, खाली जा. बाकीचे ताटकळलेत." मी खाली गेले.